कमकुवत प्रतिकारशक्ती आणि दुर्मिळ मायकोबॅक्टेरिया : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोगप्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण, त्यांचे नातेवाईक आणि कधी कधी त्यांचे फॅमिली डॉक्टरही जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. डोस आणि कालावधी दिले आहेत ते उपचारामागचा विचार कळावा म्हणून. त्यावरून स्वतःहून औषध सुरू किंवा बंद करू नये.

१. मायकोबॅक्टेरिया म्हणजे टीबीचेच जंतू ना?

टीबीचा जंतू या कुळातला एक. कुळात जवळपास २०० प्रजाती आहेत. टीबी आणि कुष्ठरोगाचे जंतू वगळले की उरलेल्यांना डॉक्टर ‘एनटीएम’ म्हणतात. ते मातीत, नळाच्या पाण्यात आणि पाइपच्या आतल्या बुळबुळीत थरात राहतात. त्यांचे आवरण मेणचट आणि जाड असते. म्हणून पाण्यातले क्लोरीन त्यांना सहज मारू शकत नाही आणि बरीच नेहमीची अँटिबायोटिक्स आत शिरत नाहीत.

त्यांचे ढोबळ दोन गट आहेत. प्रयोगशाळेत ७ दिवसांच्या आत वाढणारे ते जलद वाढणारे : ॲब्सेसस, केलोनी, फॉर्च्युइटम. बाकीचे हळू वाढणारे : एव्हियम कॉम्प्लेक्स (बोलीत ‘मॅक’), कॅन्सासी, मरिनम, हिमोफिलम, जेनाव्हेन्स. दोन्ही गटांची औषधे बरीच वेगळी आहेत, म्हणून खाली प्रत्येक उत्तरात प्रजातीचे नाव पुन्हा पुन्हा येईल.

२. हे जंतू सगळ्यांच्याच घरात असतील, तर आजारी मीच का पडलो?

या जंतूंना आपल्या मॅक्रोफेज पेशी गिळतात, पण मारण्यासाठी त्यांना बाहेरून इशारा लागतो. मॅक्रोफेज इंटरल्युकिन-१२ सोडतात, त्यामुळे टी-पेशी इंटरफेरॉन-गॅमा तयार करतात, आणि त्या इंटरफेरॉनने मॅक्रोफेजमधली मारक यंत्रणा सुरू होते. जंतूंना एका जागी कोंडून ठेवणाऱ्या गाठी टिकवायला टीएनएफ नावाचे प्रथिन लागते. ही साखळी जिथे तुटते तिथून जंतू निसटतात.

एचआयव्हीत टी-पेशी कमी होतात. सीडी४ या टी-पेशींची संख्या ५० च्या खाली गेली की मॅक रक्तातून सर्वत्र पसरण्याचा धोका खरा होतो. संधिवात किंवा आतड्याच्या दाहासाठी दिलेली टीएनएफ-रोधक औषधे त्या गाठी सैल करतात. दीर्घकाळ स्टेरॉइड, अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधे, रक्ताचे कर्करोग आणि केमोथेरपी यांतही साखळी कुठे ना कुठे तुटते. यातले काहीच नसेल तर प्रश्न १५ पाहा.

३. माझ्यामुळे घरच्यांना लागण होईल का?

नाही. एनटीएम पर्यावरणातून येतात, माणसाकडून माणसाला लागत नाहीत. ज्ञात अपवाद एकच : सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात फुप्फुसविकाराच्या रुग्णांमध्ये ॲब्सेससचे एकाच वाणाचे जंतू पसरल्याचे आढळले आहे. मात्र टीबी नाही हे पक्के होईपर्यंत मास्क आणि हवेशीर खोली ही काळजी घ्यायची असते.

४. कोणती लक्षणे दिसली तर या संसर्गाचा विचार करायला हवा?

फुप्फुसात असेल तर महिनोन्‌महिने खोकला, बेडका, वजन घटणे, थकवा. सर्वत्र पसरलेल्या मॅकमध्ये बारीक ताप, रात्री घाम, पोटदुखी, जुलाब, यकृत-प्लीहा वाढणे, हिमोग्लोबिन झपाट्याने उतरणे आणि अल्कलाइन फॉस्फेटेज (यकृताच्या रक्ततपासणीतला एक घटक) वाढणे असे चित्र दिसते.

सर्वात जास्त हुकते ते त्वचेवरचे रूप. स्टेरॉइड घेणाऱ्या माणसाच्या हातापायांवर जांभळट, फारशा न दुखणाऱ्या गाठी येतात, काही फुटून पाझरतात. आधी त्याला साधे गळू समजतात, मग वाताची पुरळ समजून स्टेरॉइड वाढवतात, आणि गाठी आणखी पसरतात. केलोनी आणि हिमोफिलम दोघेही असे वागतात, कारण त्यांना शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा थंड असलेली त्वचा मानवते. प्रतिकारशक्ती दबलेल्या रुग्णाच्या त्वचेवर २ ते ३ आठवडे न बरी होणारी गाठ असेल तर अंदाजाने मलम किंवा गोळ्या बदलत बसू नये, बायोप्सी घ्यावी.

५. बेडक्यात ‘एएफबी पॉझिटिव्ह’ आले आणि जीनएक्सपर्ट निगेटिव्ह. नक्की कुठला रिपोर्ट चुकला?

बहुतेक वेळा दोन्ही बरोबर असतात. एएफबी तपासणीत, म्हणजे खास रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली, सगळेच मायकोबॅक्टेरिया लाल काड्यांसारखे दिसतात; जीनएक्सपर्ट मात्र फक्त टीबी गटाचा जनुकीय अंश शोधतो. काड्या भरपूर आणि एक्सपर्ट निगेटिव्ह, ही एनटीएमची ठळक खूण आहे. अशा वेळी द्रव माध्यमात कल्चर आणि वाढलेल्या जंतूची प्रजाती ओळखणे (माल्डी-टॉफ, लाइन प्रोब किंवा जनुकक्रम वाचन) ही पुढची पायरी.

इथे एक सापळा आहे. काड्या दिसल्या म्हणून टीबीच्या चार गोळ्या सुरू केल्या आणि रुग्णाला बरे वाटू लागले, तर सगळे निर्धास्त होतात. कॅन्सासीवर रिफॅम्पिसिन आणि इथॅम्ब्युटॉल चांगले चालतात, त्यामुळे सुरुवातीला सुधारणा होतेच. पण पायराझिनामाइडचा त्याच्यावर उपयोग नाही आणि टीबीसारखे ६ महिने पुरत नाहीत. गोळ्या थांबल्यावर आजार परततो आणि तेव्हा ‘औषधाला न जुमानणारा टीबी’ असा चुकीचा शिक्का बसतो. म्हणून तातडीने उपचार सुरू करावे लागले तरी कल्चर आधी पाठवलेले असले पाहिजे.

६. बायोप्सीत काड्या दिसल्या, पण कल्चर काही वाढत नाही. असे कसे?

बहुधा जंतूला हवे ते माध्यम किंवा तापमान मिळाले नाही. नेहमीचे टीबी कल्चर ३७ अंश सेल्सिअसला ठेवतात. मरिनम आणि केलोनीला साधारण ३० अंश लागतात. हिमोफिलमला ३० ते ३२ अंश तर लागतातच, शिवाय माध्यमात हेमिन किंवा फेरिक अमोनियम सायट्रेट हवे. लोह न मिळाल्यास तो वाढतच नाही. जेनाव्हेन्स घन माध्यमावर सहसा वाढत नाही, द्रव माध्यमातही आठवडे घेतो, आणि अनेकदा ऊतीतून थेट जनुकीय तपासणी करूनच सापडतो.

प्रयोगशाळेला संशय कळवला नाही तर यातले काहीही आपोआप होत नाही. फॉर्मवर नुसते ‘एएफबी कल्चर’ न लिहिता असे लिहावे : ‘रुग्णाची प्रतिकारशक्ती दबलेली, त्वचेच्या गाठी, एनटीएमचा संशय, ३० आणि ३७ अंश दोन्ही तापमानांना, हेमिनयुक्त माध्यमासह, ८ आठवडे ठेवावे.’ या एका ओळीने निदान महिन्यांनी आधी होऊ शकते. ती लिहिली आहे ना, हे रुग्णाने किंवा नातेवाइकाने विचारायला संकोच करू नये.

नमुना घेतानाही बऱ्याच चुका होतात :

- संपूर्ण तुकडा फॉर्मलिनमध्ये टाकला की कल्चरची संधी गेली. तुकड्याचे दोन भाग करावेत. एक फॉर्मलिनमध्ये, दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये.
- स्वॅबवर जंतू फार कमी येतात. पू असेल तर सुईने ओढून घ्यावा, नाहीतर ऊतीचा तुकडा द्यावा.
- बेडका देण्याआधी नळाच्या पाण्याने चूळ भरू नये. त्या पाण्यातलेच एनटीएम नमुन्यात येतात. निर्जंतुक पाणी वापरावे.

आणखी एक गोष्ट लक्षात असू द्यावी : प्रतिकारशक्ती फार खाली असेल तर ऊतीत नेहमीच्या ग्रॅन्युलोमा गाठी तयारच होत नाहीत. ‘ग्रॅन्युलोमा नाही’ या शेऱ्यावरून मायकोबॅक्टेरिया नाहीत असे ठरवता येत नाही.

७. केमोथेरपीसाठी छातीत कॅथेटर आहे. ताप आला आणि रक्ताच्या कल्चरमध्ये ‘डिफ्थेरॉइड, बहुधा त्वचेवरचे’ असे आले. दुर्लक्ष करू का?

करू नका. जलद वाढणारे मायकोबॅक्टेरिया साध्या रक्त-कल्चरच्या बाटलीतही साधारण ३ ते ५ दिवसांत वाढतात आणि ग्रॅम रंगात मणी ओवल्यासारख्या फिकट काड्या दिसतात. त्यांना डिफ्थेरॉइड, म्हणजे त्वचेवरचे सहसा निरुपद्रवी जंतू, समजणे सोपे आहे. दुसऱ्यांदा तेच आले, किंवा पहिल्यांदाच ताप आणि कॅथेटर दोन्ही असतील, तर त्याच बाटलीतल्या जंतूला ॲसिड-फास्ट रंग (मायकोबॅक्टेरिया ओळखण्याचा) लावायला सांगावे. खर्चिक काही नाही, अर्ध्या-पाऊण तासाचे काम.

संसर्ग ठरला की कॅथेटर काढावाच लागतो. जंतू त्यावर थर करून बसतात आणि कॅथेटर ठेवून दिलेली औषधे बहुतेक वेळा तात्पुरती ठरतात.

८. बेडक्यात एनटीएम सापडला, तरी डॉक्टर औषध देत नाहीत. हे बरोबर आहे का?

अनेकदा बरोबर असते. फुप्फुसाचा आजार ठरवायला तीन गोष्टी एकत्र लागतात : लक्षणे, छातीच्या एक्स-रे किंवा सीटीवर जुळणारे बदल, आणि जंतूचा पुरावा. पुरावा म्हणजे वेगवेगळ्या दिवशीच्या किमान दोन बेडक्यांत तीच प्रजाती, किंवा दुर्बिणीने श्वासनलिकेतून घेतलेल्या एका नमुन्यात, किंवा बायोप्सीत जुळणारे बदल आणि सोबत एक कल्चर. गॉर्डोनी ही प्रजाती बहुतेक वेळा फक्त पाण्यातून आलेली असते, तर कॅन्सासी एकदाच आला तरी गांभीर्याने घ्यावा लागतो.

हे निकष फुप्फुसापुरतेच. रक्त, अस्थिमज्जा, सांधा, लसिकाग्रंथी अशा एरवी जंतुरहित जागी एकदा जरी मायकोबॅक्टेरियम सापडला, तर प्रतिकारशक्ती दबलेल्या माणसात तो आजारच धरून चालावा.

९. इग्रा पॉझिटिव्ह म्हणजे टीबी निश्चित का?

इग्रा ही टीबीची रक्तचाचणी ज्या प्रथिनांवर चालते, ती कॅन्सासी, मरिनम आणि झुल्गाय या प्रजातींतही असतात. मॅक आणि बीसीजीत ती नसतात. म्हणून इग्रा पॉझिटिव्ह आली म्हणजे कॅन्सासी नाही, असे होत नाही. उलट बाजूने, प्रतिकारशक्ती दबली असेल तर चाचणी ‘अनिश्चित’ येऊ शकते. हा शेरा पुन्हा पुन्हा आला तर त्यालाही अर्थ असतो. प्रश्न १५ पाहा.

१०. उपचार कोणते आणि किती महिने?

सगळ्या एनटीएमसाठी एकच उपचार नाही. नेहमी विचारल्या जाणाऱ्यांबद्दल थोडक्यात :

पसरलेला मॅक (एचआयव्हीसोबत) : क्लॅरिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा किंवा रोज ॲझिथ्रोमायसिन, सोबत इथॅम्ब्युटॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ९००. आजार जड असेल तर रिफाब्युटिन किंवा ॲमिकासिनची भर. किमान १२ महिने, आणि थांबवण्याआधी लक्षणे गेलेली असावीत व सीडी४ संख्या ६ महिन्यांहून अधिक काळ १०० च्या वर असावी.

फुप्फुसातला मॅक : मॅक्रोलाइड (ॲझिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन), इथॅम्ब्युटॉल आणि रिफॅम्पिसिन. पोकळी झाली असेल तर पहिले २ ते ३ महिने ॲमिकासिन किंवा स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने. मुदत कल्चर निगेटिव्ह झाल्यापासून मोजतात : तिथून पुढे १२ महिने. इथेच गोंधळ होतो. सुरुवातीपासूनचे १२ महिने पुरेसे नाहीत.

कॅन्सासी : रिफॅम्पिसिन, इथॅम्ब्युटॉल आणि आयसोनियाझिड किंवा मॅक्रोलाइड, किमान १२ महिने.

मरिनम (त्वचा) : दोन औषधे, गाठी पूर्ण गेल्यावर आणखी १ ते २ महिने, प्रतिकारशक्ती दबलेली असेल तर जास्त.

हिमोफिलम : ठरावीक उपचारपद्धती नाही. क्लॅरिथ्रोमायसिन, रिफाब्युटिन किंवा रिफॅम्पिसिन आणि एक क्विनोलोन असे मिश्रण वापरतात. इथॅम्ब्युटॉल त्याच्यावर मुळातच चालत नाही.

ॲब्सेसस, केलोनी, फॉर्च्युइटम : टीबीची नेहमीची औषधे निरुपयोगी. संवेदनशीलता चाचणी पाहून ॲमिकासिन, इमिपेनेम, टिजेसायक्लिन, लिनेझोलिड, क्लोफॅझिमिन यांतून निवड. केलोनीसाठी ॲमिकासिनपेक्षा टोब्रामायसिन सहसा अधिक प्रभावी असते. त्वचेच्या गंभीर संसर्गाला किमान ४ महिने, हाडाच्या संसर्गाला किमान ६ महिने, आणि गळू असेल तर शस्त्रक्रियेने साफ करणे.

११. गोळ्या फार होतात. पोट बिघडते म्हणून एकच ॲझिथ्रोमायसिन चालू ठेवू का?

हे अजिबात करू नका. एकटे मॅक्रोलाइड घेतले की जंतूच्या एका जनुकातल्या छोट्याशा बदलाने ते औषध कायमचे निकामी होते, आणि मॅकविरुद्ध त्याच्या तोडीचे दुसरे तोंडी औषध नाही. मळमळ असह्य असेल तर डॉक्टर वेळ बदलतात, डोस कमी करून हळूहळू वाढवतात किंवा सगळी औषधे एकत्र थोडे दिवस थांबवतात. सगळी थांबवणे हे एकच चालू ठेवण्यापेक्षा सुरक्षित आहे.

याच कारणासाठी, पसरलेला मॅक टाळायला एचआयव्ही रुग्णांना आठवड्यातून एकदा १२०० मिलिग्रॅम ॲझिथ्रोमायसिन देतात तेव्हा आधी रक्ताचे मायकोबॅक्टेरियल कल्चर करून आजार सुरू झालेला नाही हे पाहतात. एआरटी (एचआयव्हीची औषधे) लगेच सुरू होणार असेल तर आता बहुतेकांना ही प्रतिबंधक गोळी लागत नाही.

१२. ॲब्सेससच्या रिपोर्टवर क्लॅरिथ्रोमायसिन ‘सेन्सिटिव्ह’ आहे, तरी डॉक्टर त्यावर भरवसा ठेवत नाहीत. का?

या जंतूकडे एर्म-४१ नावाचे जनुक असते. मॅक्रोलाइडचा स्पर्श झाल्यावर ते जागे होते आणि औषध निष्प्रभ करते. म्हणून ३ ते ५ दिवसांच्या वाचनात ‘सेन्सिटिव्ह’ दिसणारा जंतू १४ व्या दिवशी ‘रेझिस्टंट’ दिसू शकतो. वाचन १४ दिवसांचे आहे का ते रिपोर्टवर पाहा. मॅसिलिएन्स या उपप्रजातीत हे जनुक निकामी असते, त्यामुळे तिथे मॅक्रोलाइड खरोखर उपयोगी पडते. रिपोर्टवर नुसते ‘ॲब्सेसस’ असेल तर उपप्रजाती विचारून घ्यावी.

१३. प्रत्यारोपणाच्या किंवा एचआयव्हीच्या गोळ्यांसोबत ही औषधे चालतात का?

चालतात, पण डोस बदलल्याशिवाय क्वचितच. रिफॅम्पिसिन यकृतातली औषध मोडणारी यंत्रणा वेगवान करते. टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन या प्रत्यारोपणाच्या औषधांची रक्तातली पातळी इतकी घसरते की प्रत्यारोपित अवयव नाकारला जाण्याचा धोका निर्माण होतो. क्लॅरिथ्रोमायसिन उलट वागते : टॅक्रोलिमस साचतो आणि मूत्रपिंडाला इजा होते. म्हणून प्रत्यारोपण झालेल्यांत सहसा ॲझिथ्रोमायसिन आणि, गरज पडल्यास, रिफाब्युटिन निवडतात. औषध सुरू करताना आणि थांबवतानाही टॅक्रोलिमसची पातळी लागोपाठ तपासावी लागते. थांबवतानाचा टप्पा बऱ्याचदा विसरला जातो.

एचआयव्हीचे डोल्युटेग्रॅव्हिर हे औषध रिफॅम्पिसिनसोबत दिवसातून दोनदा ५० मिलिग्रॅम लागते, रिफाब्युटिनसोबत नेहमीचा डोस चालतो. क्लॅरिथ्रोमायसिन आणि रिफाब्युटिन एकत्र असतील आणि डोळा लाल होऊन दुखू लागला, तर तो युव्हायटिस (डोळ्याच्या आतला दाह) असू शकतो. त्याच दिवशी डोळे दाखवावेत.

१४. एआरटी सुरू केल्यावर महिन्याभरात ताप आला, मानेतली गाठ मोठी झाली. औषध लागू पडत नाही का?

बहुधा उलट. टी-पेशी परतल्या की आधीपासून दडलेल्या जंतूंवर त्या तुटून पडतात आणि सूज वाढते. याला आयरिस म्हणतात; तो साधारण पहिल्या १ ते ३ महिन्यांत दिसतो. एआरटी आणि मॅकची औषधे दोन्ही चालू ठेवतात. सौम्य त्रासाला दाहशामक गोळ्या पुरतात, जास्त असेल तर ४ ते ८ आठवडे प्रेडनिसोलोन. मात्र हे ठरवण्याआधी दुसरा संसर्ग किंवा लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कर्करोग) नाही याची खात्री करावी लागते.

टीएनएफ-रोधक अचानक थांबवल्यावरही अशीच उसळी येऊ शकते. म्हणून ते थांबवायचे का, कधी आणि त्याजागी काय द्यायचे, हे वातरोगतज्ज्ञ आणि संसर्गतज्ज्ञ दोघांनी मिळून ठरवावे. दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड एकदम बंद करणे तर थेट जिवावर बेतू शकते.

१५. एचआयव्ही निगेटिव्ह, स्टेरॉइड नाही, मधुमेह नाही. तरी जंतू सर्वत्र पसरला. आता काय शोधायचे?

ही सर्वात अवघड गाठ आहे, आणि ती सोडवल्याशिवाय नुसत्या गोळ्यांनी आजार आटोक्यात राहत नाही.

प्रौढांत, विशेषतः आग्नेय आणि पूर्व आशियात जन्मलेल्यांत, इंटरफेरॉन-गॅमाविरुद्ध स्वतःच्याच शरीराने बनवलेली प्रतिपिंडे हे एक कारण. थायलंड आणि तैवानमधल्या रुग्णांवरचे मोठे काम २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. लसिकाग्रंथी आणि हाडांत एनटीएम, आगेमागे साल्मोनेला, टॅलारोमायसीस बुरशी किंवा नागीण, आणि इग्रा वारंवार ‘अनिश्चित’ हे त्याचे चित्र. इग्रा मोजते इंटरफेरॉन-गॅमाच, आणि प्रतिपिंडे तोच अडवतात. अँटिबायोटिक्सने भागले नाही तर रिटुक्सिमॅब (प्रतिपिंडांमागच्या पेशी कमी करणारे औषध) देतात.

रक्ताच्या साध्या सीबीसीत मोनोसाइट जवळजवळ शून्य असतील तर दोन शक्यता : हेअरी सेल ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग, ज्यात कॅन्सासीचे संसर्ग ओळखीचे आहेत, आणि गाटा-२ जनुकाचा दोष, ज्यात चिवट चामखिळीही असतात. मोनोसाइटचा आकडा रिपोर्टवर असतोच, फक्त त्याकडे पाहिले जात नाही.

लहान मुलांत इंटरल्युकिन-१२ आणि इंटरफेरॉन-गॅमाच्या ग्राहींमधले (त्यांचा इशारा स्वीकारणाऱ्या प्रथिनांमधले) जन्मजात दोष शोधावेत. काही दोषांत इंटरफेरॉन-गॅमाची इंजेक्शने उपयोगी पडतात. ग्राही पूर्णच नसेल तर ती इंजेक्शने व्यर्थ, मग अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा विचार होतो.

१६. बीसीजी तर लस आहे. तिच्यामुळे आजार कसा होईल?

बीसीजी हा जिवंत, दुबळा केलेला जंतू आहे. जन्मजात तीव्र प्रतिकारदोष असलेल्या बाळात तो सर्वत्र पसरू शकतो. कुटुंबात आधीचे बाळ संसर्गाने दगावले असेल तर लस देण्याआधी हे डॉक्टरांना सांगायलाच हवे. एचआयव्ही असलेल्या बाळाला एआरटीवर प्रकृती स्थिर होईपर्यंत ही लस देत नाहीत. आईने गरोदरपणी इन्फ्लिक्सिमॅबसारखे टीएनएफ-रोधक औषध घेतले असेल तर ते बाळाच्या रक्तात महिनोन्‌महिने राहते. लस ६ महिने ते वर्षभर पुढे ढकलतात.

मूत्राशयाच्या कर्करोगात बीसीजी मूत्राशयात सोडतात. प्रतिकारशक्ती दबलेल्यांना ते टाळतात. संसर्ग झालाच तर आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि इथॅम्ब्युटॉल देतात. पायराझिनामाइडला बीसीजी मुळातच दाद देत नाही.

१७. हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया होऊन दोन वर्षे झाली. आता ताप आहे आणि सगळी कल्चर निगेटिव्ह. याचा संबंध असू शकतो का?

असू शकतो. हृदय-शस्त्रक्रियेत रक्ताचे तापमान राखणाऱ्या यंत्रांच्या पाण्याच्या टाकीतून काइमेरा ही प्रजाती तुषारांवाटे शस्त्रक्रियेच्या जागी पोचल्याचे अनेक देशांत सिद्ध झाले आहे. आजार काही महिन्यांनी ते कित्येक वर्षांनी दिसतो. कृत्रिम झडप किंवा नळी, ताप, वजन घट आणि प्लीहा वाढलेली असेल तर रक्ताचे खास मायकोबॅक्टेरियल कल्चर मागावे. नेत्रतज्ज्ञाकडून डोळ्याचा पडदाही तपासून घ्यावा, तिथले डाग निदानाला मदत करतात.

१८. उपचार चालू असताना कोणत्या तपासण्या चुकवू नयेत?

इथॅम्ब्युटॉल : सुरुवातीला आणि मग दर महिन्याला दृष्टी व रंगज्ञान. लाल-हिरवा फिकट वाटू लागला तर त्याच दिवशी गोळी थांबवून डॉक्टरांना कळवावे. मूत्रपिंड दुबळे असेल तर धोका वाढतो. ॲमिकासिन : श्रवणचाचणी, क्रिएटिनिन, औषधाची पातळी. लिनेझोलिड : सुरुवातीला दर आठवड्याला सीबीसी; पायांना मुंग्या येत असतील तर लगेच सांगावे. मॅक्रोलाइड, क्लोफॅझिमिन, बेडाक्विलिन : ईसीजीवर क्यूटी अंतर (ते लांबले तर हृदयाची लय बिघडू शकते). फुप्फुसाच्या आजारात दर १ ते २ महिन्यांनी बेडक्याचे कल्चर, कारण प्रश्न १० मधली मुदत त्यावरच मोजतात.

१९. घरात कोणती काळजी घ्यावी? नळाचे पाणी बंदच करायचे का?

पूर्ण टाळणे शक्य नाही आणि तसा आग्रहही नको. जास्त धोका श्वासावाटे जाणाऱ्या तुषारांचा आहे. नेब्युलायझर, ह्युमिडिफायर आणि सीपॅप या श्वसनयंत्रामध्ये फक्त निर्जंतुक किंवा उकळून थंड केलेले पाणी घालावे. गिझर ५५ अंशांच्या वर ठेवल्यास आतली वाढ कमी होते, पण नळाशी पाणी भाजणार नाही अशी सोय हवी. शॉवरपेक्षा बादली बरी. बंद खोलीतले हॉट टब टाळावेत. कार्बन फिल्टर क्लोरीन काढून टाकतो आणि त्यातच हे जंतू वाढतात; अडवायचेच असतील तर ०.२ मायक्रॉनचा फिल्टर लागतो, तोही वेळेवर बदललेला.

माशांची टाकी साफ करताना लांब हातमोजे घालावेत, हातावर जखम असेल तर ते काम दुसऱ्याला द्यावे. कुंडीतली कोरडी माती उकरण्याआधी ओली करावी आणि मास्क लावावा. कॅथेटरची जागा आणि इंजेक्शनची जखम नळाच्या पाण्याने धुऊ नये. टॅटू किंवा सौंदर्योपचाराची इंजेक्शने प्रतिकारशक्ती दबलेली असताना टाळावीत : पाण्याने पातळ केलेल्या शाईतून केलोनीचे संसर्ग झालेले आहेत.